नालीचा रंग

मोहाडीहून येणाऱ्या एसटीचा कंडक्टर तृप्तीच्या पिशवीला घाबरून असायचा. एकदा त्यानं सहज विचारलं, "काय मॅडम, भाजी का?" हिनं पिशवी उघडून दाखवली. आत ऐनाचा ओला पाला आणि एका पानावर बोटाएवढी हिरवी अळी. कोशाची, म्हणजे टसर रेशमाची अळी. बिचारी झाडावरून थेट एसटीत आली होती. कंडक्टर दोन सीट मागे सरकला. आंधळगावला उतरल्यावर तृप्ती ती अळी पानासकट हातात घेऊन रस्त्यावरच्या ऐनापर्यंत चालत गेली, तिला फांदीवर सोडलं आणि मग घरी आली. जेवण थंड झालं म्हणून तिच्या मायनं, तुळसाबाईनं, तिला जे काय ऐकवलं ते मी माझ्या अंगणातून ऐकलं. आमच्या दोन घरांमध्ये एक गल्ली आहे, पण तुळसाचा आवाज गल्लीला जुमानत नाही.

मी रत्नाबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म घालवला, आता पेन्शनीवर आहे आणि गावाच्या भानगडीत नाक खुपसण्याचं काम बिनपगारी करते. तृप्ती माझी विद्यार्थिनी. भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले त्या वर्षी ती पाचवीत होती. वर्गातला नकाशा जुना झाला होता आणि नवा काही येत नव्हता, म्हणून मी खडूनं जुन्यावरच रेघ मारली आणि सांगितलं, हे इकडचं आपलं, तिकडचं गोंदिया. बाकी पोरं वहीत रेघ मारून मोकळी झाली. तृप्ती, डोमा गजभियेची पोरगी, उभी राहिली.

"बाई, मंग वैनगंगा कोनाकडे गेली?"

"दोघांकडेही."

"मंग त्याहीनं वरतून घान टाकली तं आपल्याकडे येईन ना?"

मी तिला खाली बस म्हटलं. उत्तर नसलं की मास्तरीण दुसरं काय करणार?

पाणी तिच्या डोक्यात तेव्हापासून होतं आणि त्याला कारण होतं. तिच्या घराच्या मागून एक नाली जाते. ती बाबूलालच्या रंगखान्यातून निघते, बौद्धवस्तीच्या पाठीमागून वळते आणि गावाच्या बोडीत जाऊन मिळते. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. म्हशी तिथं डुंबतात, शिंगाडा तिथं होतो, भाऊबंदकीची भांडणंही तिथंच मिटतात. आंधळगावात कोशाचं विणकाम जुनं. बाबूलाल सुताला रंग देऊन विणकरांना पुरवायचा. लग्नसराईच्या आधी नाली लाल वाहायची, मध्ये कधी हिरवी, कधी शेंदरी. लहानपणी तृप्ती त्यात कागदाच्या होड्या सोडायची आणि तुळसाचा मार खायची. तुळसानं त्या पाण्याला कधी हात लावला नाही, लावू दिला नाही. वस्तीतल्या बाया दर ग्रामसभेत पदर खोचून उभ्या राहायच्या आणि बाबूलालच्या नावानं बोंब मारायच्या. बाबूलाल दरवेळी हात जोडायचा आणि दरवेळी नाली तशीच वाहायची.

डोमा, तृप्तीचा बाप, चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत होता. आठवड्यानं घरी यायचा तेव्हा त्याचे कपडे काळेकुट्ट. तुळसा ते दगडावर आपटायची, पिळायची, पुन्हा भिजवायची. बादलीतलं पाणी काळं, मग करडं, मग पांढरं, मग नितळ. नितळ झालं की धुणं संपलं. तिच्या आयुष्यातलं सगळं धुणं असं डोळ्यांनी मोजलेलं. डोमा आता नाही. पाणी पाहायची तिची नजर मात्र तीच राहिली. पुढचं सगळं या नजरेवरच येऊन ठेपलं, म्हणून हे सांगून ठेवते.

तृप्ती शिकली. नागपुरात एम.एस्सी. केलं, मग तालुक्याच्या कॉलेजात तासिकेवर लागली. तासिकेवरची मास्तरकी म्हणजे काय ते ज्यानं केली त्यालाच कळतं. मुलं मॅडम म्हणतात आणि शिपाई नाव विचारतो. कायम व्हायचं तर पीएच.डी. पाहिजे. नागपूरच्या एका सरांकडे तिनं नाव नोंदवलं. विषय ऐकून मी म्हटलं, हा विषय आहे की आगगाडी? मग तिनं माझ्या ओसरीवर बसून सोपा करून सांगितला. झाडपाल्याचा काढा करायचा, त्यात लोखंडाचं मीठ टाकायचं. पाल्यातला तुरटपणा त्या मिठातून लोखंडाचे इतके बारीक कण काढतो की सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. ते कण रंगाच्या पाण्यात टाकले की रंग तोडतात. कारखान्यात असे कण करायला विखारी रसायनं लागतात, इथं पाला लागतो.

"आनि पाला कोनता?" मी विचारलं.

"ऐनाचा, बाई. ज्या झाडावर कोसा होते, त्याच झाडानं कोशाचा रंग धुवाचा."

हे म्हणताना तिचा चेहरा असा काही फुलला होता की मला तिची दृष्ट काढावीशी वाटली.

काम सोपं नव्हतं. मोहाच्या पाल्यानं जमलं नाही, पळसाच्या पाल्यानं अर्धवट जमलं. तुळसाच्या चुलीवर काढे उकळायचे आणि तुळसा म्हणायची, "माही चूल हाये का दवाखाना?" शेवटी ऐनावर गाडी आली. काढ्यात हिराकस, म्हणजे तेच लोखंडाचं मीठ, टाकलं की क्षणात काळंशार. ते गाळून, वाळवून काळी भुकटी मिळायची. एक दिवस तृप्ती माझ्याकडे दोन बाटल्या घेऊन आली. दोन्हीत नालीचं लाल पाणी. एकीत तिनं चिमूटभर भुकटी टाकली, झाकण लावलं, हलवली. आम्ही चहा प्यायलो. चहा संपेपर्यंत लाल गुलाबी झालं, गुलाबीचं फिकट झालं, आणि मग बाटलीच्या तळाशी काळा गाळ आणि वर काचेसारखं पाणी. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. पाचवीतली पोरगी मला आठवली.

नागपूरचे सर खूश झाले. त्यांना मात्र बाटलीत नाही, खऱ्या रंगखान्यात करून दाखवलेलं पाहिजे होतं, फोटोसकट. तृप्ती बाबूलालकडे गेली. बाबूलालनं आधी नाक मुरडलं. मग त्याच्या लक्षात आलं की ग्रामसभेतली बोंब रंग पाहूनच होते. त्यानं हौद बांधून दिला आणि आपला जुना रंगारी सुखराम तिच्या मदतीला दिला.

सुखरामबाबाबद्दल मला वाईट बोलता येत नाही. हाताची नखं कायम रंगलेली, अंगात बनियन, बोलणं मोजकं. सुताचा एक धागा उजेडात धरून तो सांगायचा, आणखी एक उकळी पाहिजे. पहिल्याच दिवशी हौदात भुकटी पडली आणि लाल पाणी हळूहळू नितळलं, तेव्हा तो हौदाच्या काठावर उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही. मग जमलेल्या लोकांना त्यानं आपल्या धंद्याच्या भाषेत समजावलं.

"पाहा, रंगाच्या भांड्यातलं पानी नितळ झालं का समजाचं, रंग सुतानं धरला. मंग ते पानी फेकाले हरकत नाही. इथं सूत नाही, तं भुकटीनं धरला. रंग गेला कुठं? खाली बसून हाये."

सगळ्यांना पटलं. का नाही पटणार? पिढ्यान्पिढ्या रंगाऱ्याच्या गावात हेच खरं होतं. पाणी रंगावाचून रिकामं झालं म्हणजे रंग सुताला भरून पावला. तृप्ती तेव्हा फोटोच्या गडबडीत होती. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. सुखरामनं आपल्या समजुतीप्रमाणे फार मन लावून काम केलं. काळा गाळ तो धुतलेल्या फडक्यातून गाळायचा, एक कणही नालीत जाऊ द्यायचा नाही, गावाबाहेर खड्डा करून त्यात चुना घालून पुरायचा. आणि वरचं नितळ पाणी बिनघोर नालीत सोडायचा. जिथं जपायचं तिथं मोकळं, आणि जिथं फारसं भय नव्हतं तिथं चुना.

पेपरात फोटो आला. एका हातात लाल बाटली, दुसऱ्या हातात पांढरी, मध्ये तृप्ती, डोळे मिटलेले. फोटोग्राफरनं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. तुळसानं तो फोटो बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावला. काल-परवापर्यंत जी 'डोमाची पोरगी' होती तिला बाबूलाल आता वाकून 'मॅडम' म्हणायला लागला. ग्रामसभेत कोणी नालीचं नाव काढेना. काढणार कसं? नालीत दिसायला काही उरलंच नव्हतं.

आणि तुळसा बदलली. जिनं चाळीस वर्षं त्या पाण्याला हात लावला नाही ती आता सकाळी बादली घेऊन नालीवर जाऊ लागली. मागच्या वाडीत तिनं वांगी लावली, त्यांना तेच पाणी. म्हशीला तेच. भांडी आधी त्याच पाण्यानं विसळायची आणि मग नळाच्या. मी एकदा म्हटलं, "तुळसा, नळाचं पानी येते ना वं?"

"येते. पन हे माह्या पोरीचं पानी हाये."

वांगी धरली, टपोरी आणि जांभळी. तुळसा ती ओटीत घालून घरोघर वाटायची आणि सांगायची, तृप्तीच्या पाण्यावरची आहेत. मीही खाल्ली. चांगली लागली, भरून केली होती. आता आठवलं की तोंड कडू होतं.

मग एक दिवस तृप्ती नागपूरहून आली ती थेट माझ्याकडे. चप्पल काढायचंही भान नव्हतं. कागदावर तिनं पेन्सिलीनं एक आडवी रेघ काढली आणि तिच्यावर उजवीकडे एक डोंगर.

"बाई, रंगाच्या पान्यातून मशीन उजेड सोडते. जिथं रंग उजेड पिते, तिथं असा डोंगर दिसते. माही भुकटी टाकली का हा डोंगर बसते. तेच मी आजवर मोजलं."

"मंग?"

"मशीन डोळ्याले दिसते तेवढ्याच उजेडावर लावलेली राहे. आज माह्या आधी दुसऱ्या पोरीनं तिच्या कामासाठी दिसत नाही त्या उजेडापासून लावून ठेवली होती. मी तशीच चालवली." तिनं कागदावर डावीकडे एक नवा डोंगर काढला. पेन्सिलीचं टोक मोडलं. "हा वाढून राहिला होता, बाई. तिकडचा जसा बसे, तसा हा वाढे. पाल्याचा असन म्हनून नुसता काढा पाहिला, नुसती भुकटी पाहिली. नाही. हा रंगाचाच हाये."

मला डोंगरातलं काय कळणार? मी म्हटलं, मास्तरणीला समजेल असं सांग.

तिनं मोडकी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "लाल रंग म्हंजे दोन मानसं हात धरून उभी हायेत असं समजा. हात धरले तोवर लाल दिसते. माही भुकटी ते हात सोडवते. रंग गेला. मानसं कुठं गेली? पान्यातच हायेत, बाई. आनि या जातीच्या रंगाचे तुकडे रंगाहून वाईट असू शकतात. अंगात गेले तं लवकर काही होत नाही. होते ते वर्षांनी होते."

"तुले आधी माहीत नव्हतं?"

"वाचलं होतं. असं होऊ शकते असं लिवलेलं असते, शेवटच्या पानावर. सर म्हनले, आधी रंगाचं होऊ द्या, तुकड्यांचं पुढचा विद्यार्थी पाहीन." तिनं कागद चुरगळला. "बाई, पुढचा विद्यार्थी येईपर्यंत माही माय त्या पान्यात हात घालून राहिली."

मला राग आला. तिच्यावर आला, सरांवर आला, त्या दिसत नसलेल्या उजेडावर आला. पण पोरीकडे पाहिलं आणि राग कुठं ठेवावा ते कळेना. घामानं तिची ओढणी मानेला चिकटली होती.

ती उठली आणि गल्ली ओलांडून घरी गेली. पुढचं मी ऐकलं, सगळ्या वस्तीनं ऐकलं.

"माय, ते पानी नोको वापरू."

"काहून?"

"साफ नाही ते."

"नाही कसं? मले का डोये नाही? तुह्या बापाचे कपडे धुन्यात माहा जनम गेला. साफ पानी मले नोको शिकवू."

"माय, रंग गेला, पन जहर हाये त्यात."

"पेपरात आलं तं खोटं का? मोठ्या सरानं मान्य केलं तं खोटं का? तू लहानपनापासून अशीच हायेस. काही चांगलं झालं का तुले भेव वाटते." मग तुळसाचा आवाज एकदम मऊ झाला. "नजर लागली असन तुले. बस. भात वाढते."

तृप्ती रंगखान्यात गेली. बाबूलालला म्हणाली, भुकटी बंद करा, मी देणार नाही. बाबूलाल हसला. भुकटी आता तिच्या हातात राहिलीच नव्हती. ऐनाचा काढा आणि हिराकस, यात रंगाऱ्याला न येण्यासारखं काय आहे? हिरडा आणि हिराकस घालून काळा रंग करणारी ही माणसं. सुखराम दोन महिन्यांपासून स्वतःच करत होता, आणि तिच्यापेक्षा जास्त काळी.

"मॅडम, तुमीच तं देल्ली ही विद्या," बाबूलाल म्हणाला. "आता लोकायले काय सांगू? पुन्हा लाल सोडू का नालीत?"

ती ग्रामसभेत उभी राहिली. मी तिच्या शेजारी होते. तिनं हात धरलेल्या माणसांची गोष्ट सांगितली, मला सांगितली तशीच, काही ठिकाणी तर त्याहूनही सोपी. लोक ऐकत होते, पण त्यांचे डोळे टेबलावरच्या ग्लासाकडे होते. नालीचं पाणी तिनं मुद्दाम भरून आणलं होतं. ते नळाच्या पाण्यापेक्षा स्वच्छ दिसत होतं. ग्लास आणणं ही तिची चूक झाली.

सुखराम उठला. तो सभेत कधी बोलत नसे. त्याला वाटलं असावं की ही पोरगी त्याच्या हाताला नाव ठेवते आहे.

"बाई," तो तृप्तीला म्हणाला, "मी फडकं रोज धुतो. एक दाना खाली जाऊ देत नाही. रंग मी गावाबाहेर गाडला." आणि त्यानं ग्लास उचलून घटाघटा पिऊन टाकला.

तृप्ती ओरडली. ती कशी ओरडली ते मी सांगू शकत नाही. टेबल ओलांडून तिनं ग्लास हिसकावला, पण तो रिकामा होता. सुखरामनं मिशी पुसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सुखराम नेहमीसारखा सायकलवर कामाला आला. तिसऱ्याही दिवशी आला. गावाला एवढं पुरेसं होतं. वर्षांनी काय होईल ते पाहायला कोण थांबतं? पोरगी जास्त शिकून घाबरट झाली असं लोक म्हणायला लागले. तुळसाला ते ऐकून लाज वाटली आणि तिनं आणखी एक वाफा वांगी लावली. तिच्या मनगटावर त्या दिवसांत लालसर चट्टे उठले होते. पाण्यानं उठले की गवतानं, डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला मलम लावा.

तृप्तीची झोप उडाली. ती माझ्या ओसरीवर येऊन बसायची. एक दिवस फक्त एवढंच म्हणाली, "बाई, नाली लाल होती तोवर ते पानी कोनाच्या पोटात जात नव्हतं. सगळे दूर राहत होते. मी येऊन ते लाल काढून टाकलं."

माझी नजर आढ्याला टांगलेल्या गाठोड्यावर गेली. दर शिमग्याला मी पळसाची फुलं वेचून पुढच्या वर्षासाठी वाळवून ठेवते. नातवंडांसाठी. उकळली की केशरी रंग होतो, डोळ्यात गेला तरी काही होत नाही. माझी नजर कुठं गेली ते तिनं पाहिलं. आम्ही दोघीही थोडा वेळ त्या गाठोड्याकडेच पाहत राहिलो. मी मास्तरीण, ती मॅडम, आणि मनात दोघींच्याही एकच लबाडी.

"काढून देऊ का?" मी विचारलं.

चूल माझी, पातेलं माझं, फुलं माझी. पोलिसात गेलं तर अर्धा गुन्हा माझ्यावर येईल. फुलं उकळायला लागली तसा अंगणात शिमग्याचा वास सुटला. रंगपंचमीला कित्येक महिने होते. तृप्ती लाकडाच्या डावानं ढवळत होती आणि तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. चुलीला तर धूर नव्हता.

"नऊ वर्षं मी रंग काढाले शिकली, बाई," ती म्हणाली.

सकाळी सुखराम हौदाचं पाणी सोडतो ती वेळ वस्तीला माहीत आहे. रंगखान्याच्या भिंतीमागे, नाली जिथून निघते तिथं, तृप्ती पातेलं घेऊन उभी राहिली. मी वळणावर उभी होते, कोणी आलं तर खोकायचं म्हणून. पाणी सुटलं, नितळ, सकाळच्या उन्हात चमकणारं. तिनं पातेलं ओतलं. केशरी रंग आधी एका बाजूनं धावला, मग पसरला, मग सगळी नाली भरून वस्तीकडे वळला.

थोड्याच वेळात तुळसाचा आवाज आला. "आला वं! आला रंग पुन्हा! ये बाबूलाल्या, तुह्या रंगखान्याले लागो आग!" बादली फेकल्याचा आवाज झाला. मग दारं उघडली, बाया बाहेर आल्या, कोणी लेकराला ओढून घेतलं, कोणी म्हशीला हाकललं. पदर खोचले गेले. किती दिवसांनी ती बोंब ऐकली मी! मला हसू आलं.

सुखराम हौदाजवळ आपलं फडकं उजेडात धरून पाहत होता. उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं. त्याला कुठंही भोक दिसत नव्हतं. त्याचा तो चेहरा मला अजून छळतो. त्याला खरं कोणी सांगितलेलं नाही.

आम्ही परतलो तेव्हा तुळसा वाडीच्या कडेला उभी होती. पायाशी बादली आडवी पडलेली. तिच्यातून सांडलेलं केशरी पाणी वांग्यांच्या वाफ्यापर्यंत पोचलं होतं. तृप्तीनं हात ओढणीत लपवले होते, बोटं केशरी झाली होती म्हणून.

तुळसानं लेकीकडे पाहिलं. ओरडून तिचा आवाज बसला होता.

"तुही दवा फेल झाली का वं?"

तृप्तीची भुकटी फेल झाली नव्हती. त्या सकाळीही हौदात तिनं तेच केलं होतं जे करायला तृप्तीनं तिला बनवलं होतं, अगदी चोख. नऊ वर्षांत तृप्तीला जमलेली ती एकच गोष्ट होती. तृप्ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"हो माय," ती म्हणाली. "फेल झाली."

तुळसा पुढे आली. तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, चट्टे उठलेला हात, आणि केस मागे सारले. "जाऊ दे. रडू नोको. रंग काही असा निंगत नाही, पोरी. तुह्या वयात कोनाले जमलं?" मग ती खाली वाकली आणि एक वांग्याचं झाड मुळासकट उपटलं. दुसरं उपटलं. प्रत्येकाला वांगी लटकत होती, काही अजून फुलावर होती. ती उपटत राहिली आणि आम्ही दोघी पाहत राहिलो.

शेवटच्या झाडाशी ती थांबली. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि गल्लीकडे पाहिलं, एकेका दाराकडे, जिथं जिथं तिनं ओटीतून वांगी नेऊन दिली होती.

"मंग तृप्ते," ती हळूच म्हणाली, "इतके दिवस मी हे खाऊ घातलं सगळ्यायले, त्याचं काय होईन?"

तृप्तीनं तोंड उघडलं. यावर तरी ती खोटं बोलेल, मायला धीर देईल असं मला वाटलं, आणि खरं सांगते, तिनं बोलावं असंही वाटलं. मीही खाल्ली होती ती वांगी.

"मले माहीत नाही, माय," ती म्हणाली.